कडू, तेतो आणि एक पेला

चवीला नाव देणे हे वाटते तितके निरुपद्रवी काम नाही. षड्रसांची गणना करताना संस्कृतात 'तिक्त' हा शब्द ज्या रसासाठी योजला आहे त्याला आपण मराठीत 'कडू' म्हणतो. आणि ज्याला संस्कृतात 'कटु' म्हटले आहे तो आपला 'तिखट'. म्हणजे 'कटु'पासून निघालेला आपला 'कडू' हा शब्द स्वतःचा मूळ अर्थ मागे ठेवून शेजारच्या रसाच्या घरी राहावयास गेला. बंगालीत मात्र 'तिक्त'चा वंशज 'तेतो' आपल्या जागेवरून हललेला नाही. सुंठ आणि मिरे 'कटु', कडुनिंब 'तिक्त', असे आयुर्वेदाच्या ग्रंथात वाचताना मराठी माणूस क्षणभर थबकतो. निदान तिक्ताच्या बाबतीत बंगाली माणसाला थबकण्याचे कारण पडत नाही.

हा भेद माझ्यापुरता अनेक वर्षे कोशातच होता. तो जिभेवर आला तो कोलकात्याच्या पूर्व भागातील एका मद्यगृहात. तेथे बिअर त्याच छपराखाली तयार होते आणि काचेपलीकडच्या पोलादी टाक्या गिऱ्हाइकांना दिसाव्यात अशी मांडणी केलेली असते. मला तेथे नेले ते एका वडीलधाऱ्या बंगाली स्नेह्यांनी. मंगलकाव्ये शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ खाण्यापिण्याच्या बाबतीतही पाठभेद पाहिल्याशिवाय मत देत नाहीत. फळ्यावरील नावांतून त्यांनी माझ्यासाठी निवडली ती तीव्र आणि हॉपची मात्रा सढळ हाताने घातलेली लागर. मद्यार्क साडेसात टक्के, असे खडूने लिहिलेले होते. नेहमीच्या साध्या लागरमध्ये ते पाचाच्या आसपास असते. पहिला घोट पोटात गेल्यावर त्यांनी विचारले, "केमोन लागलो?" कसे लागले? चवीसाठी 'लागणे' हेच क्रियापद मराठीला आणि बंगालीला सारखेच जवळचे आहे, त्यामुळे प्रश्न समजण्यास भाषांतराची गरज नव्हती. उत्तर मात्र मराठीतून येईना. मी म्हणालो, "तेतो, दादा. खूब भालो तेतो." तो शब्द इतक्या सहज का आला आणि 'कडू' का आला नाही, याचा विचार पुढे कितीतरी दिवस चालू राहिला. हा लेख त्या विचाराचा आहे.

प्रथम त्या पेल्याविषयी. रंग नीट घासलेल्या जुन्या पितळेचा. फेस दाट, पांढरा, पेल्याच्या कडेला धरून राहणारा. नाकाशी नेताच पहिला वास येतो तो गंधराज लिंबाच्या सालीचा. बंगालबाहेरच्या वाचकाने कागदी लिंबू आणि ईडलिंबू यांच्या मधला एखादा वास कल्पावा. त्यामागून कैरीचा देठ मोडल्यावर चिकाला येतो तो राळेसारखा उग्र गंध. हे साम्य केवळ कल्पनेतले नाही. मिरसीन नावाचे जे सुगंधी द्रव्य हॉपमध्ये विपुल असते तेच आंब्यातही सापडते. तोंडात प्रथम येतो तो धान्याचा गोडवा, भाकरीच्या भाजलेल्या पापुद्र्याला असतो तसा. तो स्थिरावतो न स्थिरावतो तोच खालून कडूपणा वर येतो आणि गोडव्याला हळूहळू बाजूला सारतो. घोट उतरल्यानंतर घशात मद्यार्काची ऊब राहते, आणि ती विरली तरी कडूपणा जिभेवर रेंगाळत असतो.

आपल्या स्वयंपाकघराला कडूचे प्रकार चांगले ठाऊक आहेत. केवळ त्यांना निराळी नावे नाहीत. कारल्याचा कडूपणा हिरवा, मेथीचा उबदार आणि तुपाची अपेक्षा करणारा, कडुनिंबाचा कोरडा, काडेचिराइताचा तर निव्वळ शिक्षेचा. हॉपचा कडूपणा यांपैकी कोणाचाच नव्हे. संत्र्याच्या सालीला आतून जे पांढरे अस्तर असते त्याला तो सर्वांत जवळचा. तो उशिरा येतो आणि उशिरा जातो. जाताना तोंड कोरडे करून जातो, आणि म्हणूनच दुसऱ्या घोटाची इच्छा होते.

हॉप ही वेल, आणि तिच्या मादी फुलोऱ्यातील पिवळ्या राळेच्या कणांत हा सारा प्रताप साठलेला असतो. वनस्पतिशास्त्राने तिला भांगेच्याच कुळात बसवले आहे. विजयादशमीला विसर्जनानंतर सिद्धी म्हणजे भांग देण्याची प्रथा ज्या प्रदेशात आहे, तेथे ही सोयरीक कोणाला परकी वाटू नये. जवाच्या मोडांच्या काढ्यात हॉप उकळले की त्यातील आम्लांचे रूप पालटते आणि कडूपणा द्रवात उतरतो. परंतु उकळीत सुगंध उडून जातो. म्हणून सुगंधासाठी शेवटी, किंवा थंड झाल्यावर, पुन्हा हॉप घालावे लागतात. हाच कडूपणा बिअर आंबट करणाऱ्या अनेक जंतूंना वाढू देत नाही. बव्हेरियात १५१६ साली जव, हॉप आणि पाणी यांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये असा नियम झाला, त्यात हॉपला जे स्थान मिळाले ते रुचीइतकेच टिकाऊपणासाठीही.

लागर हा शब्द 'साठवून ठेवणे' या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आला आहे. तिचे किण्व थंडीत, साधारण दहा अंशांच्या आसपास, सावकाश काम करते. नंतर ती बिअर गोठणबिंदूच्या जवळ काही आठवडे नुसती पडून राहते. उबेत झपाट्याने आंबणाऱ्या एल या प्रकारात फळांसारखे जे वास निर्माण होतात ते येथे जवळजवळ नसतात. बोहेमियातील प्लझेन येथे १८४२ साली जी फिकट सोनेरी लागर प्रथम निघाली, तिचीच संतती आज जगभर प्याली जाते. या निर्मळपणामुळे लागरमध्ये हॉपला आडोसा राहत नाही. मद्यार्क वाढवला आणि हॉपही वाढवले, तर दोघांना एकमेकांसमोर उभे राहावे लागते. मी चाखलेल्या पेल्याचे सौंदर्य त्या समोरासमोर उभे राहण्यात होते. गोडवा थोडा जास्त असता तर ते सरबत झाले असते. कडूपणा थोडा जास्त असता तर औषध.

कोलकात्यात बसून हे चाखण्याला आणखी एक संदर्भ आहे. कडू बिअरच्या इतिहासात हे शहर फार पूर्वीपासून आहे. लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसनचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी तेथून जवळ असल्याने कप्तान मंडळी त्याची फिकट रंगाची, भरपूर हॉप घातलेली एल बरोबर घेऊन इकडे विकीत. १८२२ सालच्या 'कलकत्ता गॅझेट'मध्ये हॉजसनच्या मालाची जाहिरात आहे. पुढे बर्टन गावचे ऑलसॉप आणि बास हेही या व्यापारात उतरले. हॉजसनने हिंदुस्थानच्या प्रवासासाठी मुद्दाम हा प्रकार शोधून काढला, ही कथा मात्र इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. तशी एल इंग्लंडात आधीपासून होत होती. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून येणाऱ्या पिंपांत ती काही महिन्यांत परिपक्व झाली आणि येथल्या साहेबांना आवडली, एवढे खरे. थंडीची उणीवही याच शहराने अशीच दूरवरून भरून काढली. १८३३ साली बोस्टनहून 'टस्कनी' जहाजाने तळ्यांतील नैसर्गिक बर्फ कलकत्त्यास आणले, तेव्हा वाटेत बरेच वितळूनही सुमारे शंभर टन उरले होते. गंगेच्या काठी थंड, कडू बिअर मिळावी म्हणून दोन महासागर राबत होते. त्या पेल्यात येथल्या माणसाचा भाग होता तो पेला वाहून नेणाऱ्या हातापुरता.

आज चित्र पालटले आहे. देशात खपणाऱ्या बिअरपैकी फार मोठा हिस्सा 'स्ट्राँग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा आहे. बंगालमध्ये कल्याणी ब्लॅक लेबल हे नाव पिढ्यांच्या ओळखीचे. परंतु आपल्याकडील या तीव्र बिअरचा रोख बहुधा कडूपणाकडे नसतो. ती किंचित गोड, उबदार आणि लवकर काम उरकणारी असते. मराठीत आपण तिला 'कडक' म्हणू, बंगाली माणूस 'कडा' म्हणेल. चहालाही दोघे हेच विशेषण लावतात. 'कडक' हे शक्तीचे विशेषण आहे, 'कडू' हे रसाचे. शक्ती आणि रस यांचा एकत्र विचार करणाऱ्या लहान मद्यशाळा आपल्याकडे अलीकडच्या. पुण्यात २००९ साली अशी जी एक सुरू झाली तिने 'डूलॅली' हे नाव घेतले. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांनी 'वेडसर' या अर्थाचा हा शब्द इंग्रजीस दिला. आपल्या गावाचे नाव इंग्रजीतून वेडे होऊन परत आले आणि पाटीवर चढले.

आता मूळ प्रश्न. 'कडू' हा शब्द जिभेवर का आला नाही? मराठीत हा शब्द केवळ चवीचा राहिलेला नाही. तोंड कडू होते, आठवण कडू असते, कारले तुपात तळून साखरेत घोळले तरी त्याची खोड जात नाही असे आपण माणसांविषयी म्हणतो. आणि खेड्यापाड्यांतून 'कडू' ही जन्मावरून दिलेली शिवीही आहे. बंगालीतही संबंधांत 'तिक्तता' येते, हे मी जाणतो. परंतु ती तिक्तता मी पुस्तकांत वाचली. कडूपणा घरी ऐकला. त्यात मद्याची भर पडली म्हणजे मराठी भाषा आणखी सावध होते. मराठीत 'तो पितो' एवढेच म्हटले की कर्म सांगावे लागत नाही. दारू चढते, उतरते, लागते, सुटते. सभ्य माणूस 'घेतो'. या क्रियापदांत चाखण्याचे एकही नाही. बंगाली माणूस पाणी 'खातो', चहा 'खातो', सिगारेट 'खातो' आणि मदही 'खातो'; त्याच्या व्याकरणाने मद्याला निदान अन्नाच्या पंक्तीला बसविले आहे.

माझ्या आजोळी, सोलापुरात, थोरले मामा पीत असत. ते शेहेचाळिसाव्या वर्षी गेले. घरात त्यांच्या पिण्याविषयी पुष्कळ बोलले जाई: किती, कोठे, कोणाबरोबर, कोणाच्या पैशाने. त्यांना त्याची चव कशी लागते, हे कोणी विचारले नाही. आणि विचारले असते तर तो प्रश्न क्रूर ठरला असता. ते चवीसाठी पीत नव्हते. गुढीपाडव्याला आजी सर्वांच्या तळहातावर कडुनिंबाची पाने आणि गुळाचा खडा ठेवी. मामा गूळ परत करीत आणि पाने नुसती चावीत. मामी त्या वेळी दुसरीकडे पाहत असे. 'कडू' हा शब्द मी उच्चारतो तेव्हा हे सारे त्याच्याबरोबर येते. 'तेतो' या शब्दाबरोबर काही येत नाही; म्हणून त्या मद्यगृहात तो मोकळेपणाने माझ्या मदतीस आला.

आपल्या साहित्यानेही हीच सावधगिरी पाळली आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून मराठी मनात प्याला म्हटले की सुधाकर व सिंधू उभी राहतात. प्रेक्षकाच्या स्मरणात राहतो तो प्याल्याचा परिणाम. प्याल्याची चव नव्हे. बंगाली नाट्यवाङ्मयात याआधीच, १८६६ साली, दीनबंधू मित्र यांचे 'सधवार एकादशी' हे प्रहसन आले. त्यातील विद्वान मद्यपी निमचाँद म्हणजे मायकेल मधुसूदन दत्तच, असा प्रवाद उठला. तेव्हा दीनबंधूंनी 'मधु'चा 'निम' कसा होईल, अशा आशयाचे उत्तर दिल्याचे सांगतात. या कोटीत गोड आणि कडू यांची अदलाबदल आहे, आणि तीत तिरस्कारापेक्षा स्नेह अधिक आहे. मद्यप्याला शिक्षा दिलीच पाहिजे असे वाटत असतानाही त्याच्या बोलण्याचा आस्वाद घेता येतो, हे त्या रंगभूमीने लवकर ओळखले होते.

हे बंगालला सुचले याचे एक कारण मला त्यांच्या पानात दिसते. सुश्रुताने भोजनाचा क्रम सांगताना मधुर रस आधी, आम्ल व लवण मध्ये आणि उरलेले, म्हणजे तिक्तादी, शेवटी सांगितले आहेत. बंगाली पान हा क्रम उलटा करते. दुपारच्या जेवणात भाताबरोबर प्रथम शुक्तो, चैत्राच्या सुमारास कोवळा निंब घातलेली वांगी, कधी पडवळवर्गीय वेलीच्या कडू पानांची भजी. गोड अगदी शेवटी. चरकाने तिक्त रसाविषयी म्हटले आहे की तो स्वतः रुचकर नाही, पण अरुची घालवतो. बंगाली गृहिणीने या एका वाक्याचे रोजचे भाष्य केले आहे. आपण वर्षातून एकदा, पाडव्याला, कडूला मान देतो. तोही व्रत म्हणून, गुळाच्या साक्षीने. बंगाली माणूस रोज त्याच्यापासून आरंभ करतो आणि त्याला व्रत म्हणत नाही.

कडू रोज चाखणाऱ्याला ते गोड करूनही घेता येते, याचे एक उदाहरण आम्हा मराठी मंडळींना अडचणीत टाकणारे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येऊ लागल्या तेव्हा, १७४२ साली, कलकत्त्याभोवती मराठा खंदक खणण्यास आरंभ झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला आणि १७९९ साली तो बुजवून सर्क्युलर रोड बांधला गेला. आमचे मद्यगृह या रस्त्याच्या पूर्वेस, म्हणजे खंदकाच्या बाहेर. "तुमच्याच बाजूला आहे," असे माझ्या स्नेह्यांनी सांगितले. खंदक गेला, पण खेड्यापाड्यांनी सोसलेली ती धाड अंगाईत राहिली. बर्गी आले, आता सारा कसा भरायचा, या भयाचे शब्द बंगाली आया आजही मुलाला झोपवताना गातात. भयाची अंगाई झाली. कडूचा रस झाला.

करुणरसाने सुख का वाटावे, हा आपल्या साहित्यशास्त्राचा जुना प्रश्न याच जातीचा आहे. नरसिंह चिंतामण केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्यसंमेलनात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी एकरूप होतो, पण आपले भान न सोडता. या दुहेरी अवस्थेत आनंद आहे. जिभेच्या बाबतीत मला हे तंतोतंत पटते. कडू हे शरीराला विषाची सूचना म्हणून कळते. ती सूचना ऐकूनही आपण सुरक्षित आहोत हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हॉपच्या कडूपणाचा आस्वाद घेता येतो. परंतु याच उपपत्तीची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. करुणरस प्रेक्षकाला मिळतो, सिंधूला नव्हे. अंगाई नातवंडांना झोपवते. ज्या गावकऱ्याचे भात जळाले त्याला तिचा उपयोग नव्हता. पेल्याची चव तपशिलाने सांगण्याची मुभा एका पेल्यावर थांबू शकणाऱ्याला आहे, आणि त्या पेल्याची किंमत खिशाकडे न पाहता देऊ शकणाऱ्याला. मामांना या दोन्हीही गोष्टी शक्य नव्हत्या.

म्हणून मराठीचे मद्याच्या चवीविषयीचे मौन हे केवळ भाषेचे दारिद्र्य आहे, असे मी म्हणणार नाही. ज्यांना अंतर लाभले नाही त्यांच्या बाजूने ते मौन आहे. तथापि ते कायमचे राहावे असेही नाही; कारण जेथे चवीचे वर्णन करता येत नाही तेथे केवळ निषेध उरतो, आणि निषेधाने मामांसारख्या कोणाला वाचवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शेजारच्या भाषेने मला एक मोकळा शब्द उसना दिला आणि त्या शब्दाच्या अंतरावरून मला माझ्या शब्दाकडे पाहता आले. भारतीय भाषांच्या सहवासाचा हा लाभ आपण कवितांच्या आणि कादंबऱ्यांच्या संदर्भात नेहमी सांगतो. तो पानातल्या पहिल्या घासाला आणि पेल्यातल्या पहिल्या घोटालाही लागू आहे. मात्र उसना शब्द परत करावा लागतो. यापुढे त्या लागरविषयी कोणी विचारले तर मी मराठीत सांगेन, की ती कडू होती, फार चांगली कडू. आणि त्या शब्दाबरोबर मामांचा रिकामा तळहात डोळ्यांपुढे आला तर तो येऊ देईन. शेवटी 'लागणे' हे क्रियापद चवीचे आहे तसेच जखमेचेही आहे, मराठीत आणि बंगालीतही.